बिचाऱ्याचं माप

आमच्या दुकानात नीट चालणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. असा कोणी चुकून आत आलाच तर मामी त्याला सांगते, नेहमीचे बूट पुढच्या चौकात मिळतात. लंगडत आला तर खुर्ची. दोन्ही पायांनी लंगडत आला तर खुर्ची आणि वर पाणी.

माझा मामा खास बूट करतो. एक पाय आखूड असला की जाड तळ, घोटा बाहेर कलत असला की कडक बाजू, टाच दुखत असली की आत मऊ खड्डा. दुकानाच्या मधोमध जमिनीवर काळ्या रबराची लांब पट्टी चिकटवलेली आहे. गिऱ्हाइकानं तिच्यावरून जायचं, वळायचं, यायचं. पट्टीच्या टोकाला एक स्टूल आहे, इतकं बुटकं की त्यावर बसलेल्याचं नाक समोरच्याच्या गुडघ्याशी येतं. त्या स्टुलावर बसून मामा चाल बघतो. फक्त चाल. तोंडं त्याच्या लक्षात राहत नाहीत. लग्नात त्यानं स्वतःच्या सासऱ्यांना ओळखलं नव्हतं. ते उठून चालायला लागले तेव्हा मागून ओळखलं आणि धावत जाऊन नमस्कार केला, तोसुद्धा त्यांच्या बुटांना.

हाडांचे डॉक्टर मामाला मानतात. कुणाला ऑफिसात तळमजल्यावरची जागा हवी असते, कुणाला बदली नको असते, कुणाला घरी भांडी घासायची नसतात. असे सगळे लोक लंगडत डॉक्टरांकडे जातात आणि डॉक्टर त्यांना आमच्या पट्टीवर पाठवतात. मामा एकदा बघतो आणि सांगतो. त्याचं एकच सूत्र आहे. खरा लंगडणारा लपवतो, खोटा दाखवतो. हे तो इतक्या वेळा बोललाय की मामी कांदा चिरताना ते पुटपुटते.

एकदा एक गृहस्थ कण्हत कण्हत पट्टीवरून गेले आणि कण्हत आले. मामा म्हणाला, "छान. आता दुसऱ्या पायानं." आणि गृहस्थांनी दुसऱ्या पायानं लंगडून दाखवलं. वर विचारलं, "यातलं कुठलं बरं दिसतं?" माणसं मूर्ख असतात असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं, पण नुसतं वाटणं वेगळं. दुकानात लागल्यापासून रोज पुरावा मिळायला लागला.

मला ते स्टूल हवं होतं. स्टुलावर बसणारा माप घेतो, दोष सांगतो, आणि मोठमोठे लोक त्याच्यासमोर पँट गुडघ्यापर्यंत वर धरून उभे राहतात. तुच्छतेनं बघायला इतकी सोयीची जागा जगात दुसरी नसेल, आणि तीही खालून वर. मी सोल्युशन लावायचो. चामड्याला तळ चिकटवायचं ते पिवळं सोल्युशन. त्याचा वास अंगाला असा धरतो की आंघोळीनंतर साबणाला येतो. रस्त्यात मुली माझ्याकडे वळून बघायच्या, पण कुठे काही गळतंय का हे बघायला. स्टूल मिळालं नाही तर मी त्याच वासात म्हातारा होणार हे उघड होतं.

मामाच्या गुडघ्यांनी अलीकडे असहकार पुकारला होता. एकदा स्टुलावर बसला की उठताना एका बगलेत मी आणि दुसऱ्या बगलेत मामी, असं त्याला उपटावं लागायचं. म्हणून त्यानं जाहीर केलं की स्टूल आता पुढच्या पिढीला. "ज्याला नजर आहे त्याला," तो म्हणाला. पुढच्या पिढीत दोघंच. मी आणि ताई. ताई म्हणजे मामाची मुलगी. ती कोपऱ्यात शिलाईच्या मशीनवर बसते. तोंडात कायम दोऱ्याचं टोक असल्यामुळे ती बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणजे तिला काही कळत नाही, असं मी धरून चाललो होतो.

अशात ते कुत्रं आलं.

रंग विटक्या गोणपाटाचा, एक कान उभा, दुसऱ्याला उभं राहायची इच्छा नाही. पहिल्या दिवशी ते पुढचा डावा पाय हवेत धरून, तीन पायांवर उड्या मारत, केविलवाणं कुईकुई करत थेट पट्टीवर आलं. मामानं स्टुलावरून एकदाच बघितलं. "नाटक्या आहे," तो म्हणाला. "हाकल." मी झाडू उचलला आणि कुत्रं चारही पायांवर धूम पळालं. मामाचा शेरा बरोबर निघाला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण ते लांब गेलं नाही. आमच्या दुकानाला काचेचं दार आहे. ते दाराबाहेर पायरीवर बसलं आणि आत बघायला लागलं. रोज. सकाळी शटर उघडलं की ते हजर, एखाद्या शिकाऊ उमेदवारासारखं. कण्हणारे येत होते, मामा त्यांना वाटेला लावत होता. कुत्रं बघत होतं. मग एक दिवस मास्तरीणबाई आल्या. त्यांचा उजवा पाय जन्मापासून आखूड, पण मान ताठ, पर्स मांडीशी घट्ट धरलेली, आणि चाल अशी की जणू तो पाय नाही, जमीनच तिथे थोडी खाली आहे. मामा त्यांच्यासाठी स्वतः उठायची धडपड करतो. त्या दिवशीही केली. आम्ही त्याला उपटला, त्यानं दार उघडून धरलं, मामीनं बिस्किटं काढली. कुत्र्यानं मान वाकडी केली. बाई जाईपर्यंत ते त्यांच्या पायांकडे बघत राहिलं, आणि बाई गेल्यावर बिस्किटांच्या बशीकडे.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईच पुन्हा आल्या असं मला वाटलं. चाल तीच. पण खाली बघितलं तर कुत्रं.

ते कुणाकडे न बघता आत आलं. कुईकुई नाही, शेपूट हलवणं नाही. मान ताठ. फक्त पुढचा डावा पाय दर खेपेला किंचित उशिरा टेकत होता, म्हणजे त्याच्या मते कुणाच्या लक्षात येऊ नये इतकाच. मामानं वळून बघितलं तेव्हा ते थांबलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलं.

मामाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"लपवतोय," तो म्हणाला.

"बिचारा," मामी म्हणाली.

आणि तेच त्याचं नाव पडलं.

त्यानंतर जे कौतुक सुरू झालं ते एखाद्या घरजावयाचंही होत नाही. सकाळी उकडलेलं अंडं. दुपारी दूध, त्यातही वरची साय माझ्या वाट्याची. बसायला माझी गादी, कारण बिचाऱ्याला फरशी गार लागते. मामी कपाटात शोधता शोधता विचारायची, "बिचारा जेवला का?" आणि मी "हो" म्हणालो की म्हणायची, "तू नाही रे." गिऱ्हाइकं यायची, कुत्र्याची चाल बघायची आणि डोळे पुसायची. कण्हणारे गृहस्थ एकदा परत आले होते. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय सहन करतो हो हा." कुत्रं कॅलेंडरकडे बघत होतं.

मी एकदा ताईला म्हणालो, "तुला काय वाटतं?"

ताई म्हणाली, "म्म्."

मग मामानं ठरवलं, बिचाऱ्याला बूट करायचा.

"कुत्र्याला बूट?" मी म्हणालो.

"पायाला बूट. वर कोण आहे ते मी कधी बघितलंय?" मामा म्हणाला. हे मात्र खरं होतं. "आणि माप तू घ्यायचंस. दोष नेमका सांगितलास तर स्टूल तुझं. शनिवारपर्यंत सांग."

मी स्टुलावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. समोर मामा, मामी, तोंडात दोरा धरलेली ताई, आणि पट्टीवर तो लबाड. त्यानं जुन्या गिऱ्हाइकासारखा आपणहून पाय पुढे केला आणि सुस्कारा सोडला. मी टेप लावली. खांद्यापासून कोपर, कोपरापासून पंजा. मग दुसरा पाय. मग मागचे दोन. सांधे दाबले, बोटं चोळली, पंजाखालच्या गाद्या तपासल्या. माझी बोटं पायावर होती तोवर त्याला काही होत नव्हतं. मामानं चष्मा पुसून पुन्हा लावला की पाय अर्धा इंच मागे. मामा शिंकायला वळला की पाय जागेवर.

"मामा," मी म्हणालो, "चारही पाय सारखे आहेत."

"मग माप चुकलंय."

"टेप तुझीच आहे."

"टेप बरोबर आहे. तू चुकलायस."

"दोनदा घेतलं."

"मग दोनदा चुकलायस. सारखे आहेत तर तो लंगडतो कशाला?"

"अंड्यासाठी."

"शी," मामी काउंटरमागून म्हणाली. "काय बोलतोस त्याच्यासमोर. कळतं त्याला सगळं."

"तेच तर म्हणतोय मी."

मामा माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या पायांकडे. "खोटा असता तर दाखवला असता," तो शांतपणे म्हणाला. "हा लपवतो. तीस-पस्तीस वर्षं मी चाल बघतोय. तुला हे दिसत नसेल तर स्टूल ताईकडे जाईल."

मला दोन रस्ते होते. काहीतरी दोष ठोकून द्यायचा, की डाव्या पंजाचं मधलं बोट आत वळतं, वगैरे. मामा खूश, स्टूल माझं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण एका कुत्र्यासमोर खोटं बोलून जिंकायचं, आणि तेही त्याच्याच धंद्यात, हे माझ्या मनाला पटेना. मी ठरवलं, याला उघडा पाडायचा.

दूध पिऊन तो निघाला की मी मागे. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत तो लंगडला, लपवून. कोपरा वळताच पाय बरा झाला. इतक्या चटकन बरं होणारं दुखणं मी फक्त परीक्षा रद्द झाल्यावर बघितलं होतं. पुढे तो जो सुटला तो दोन गल्ल्या ओलांडून एका मटणाच्या दुकानाशी थांबला. थांबला कसला, दुकानाच्या अर्ध्या दरवाजावरून उडी मारून आत गेला, हवेतच एक हाडूक पकडलं आणि तसाच उडी मारून बाहेर आला.

"पैलवान," मटणवाला कौतुकानं म्हणाला. "या गल्लीतली सगळी कुत्री याला टरकतात."

"हा लंगडतो ना?" मी विचारलं.

मटणवाल्यानं सुरा खाली ठेवला. "लंगडतो? हा? काल समोरची भिंत चढून मांजराच्या मागे गच्चीवर गेला होता. मांजर उतरलं नाही अजून."

मला इतका आनंद झाला की मी विनाकारण पाव किलो मटण घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन निघालो. मामा सहसा दुकानाबाहेर पडत नाही, कारण रस्ता पायांनी भरलेला असतो आणि त्याला कशाकशाकडे बघू असं होतं. "टाच घासतो," तो एकाकडे बघून म्हणाला. "कर्तृत्व नाही." मग दुसऱ्याकडे. "याचे बूट भावाचे आहेत. भावाशी बोलणं नाही." एका लग्न ठरलेल्या जोडप्यामागून तो गल्लीभर चालला आणि मान हलवून मला म्हणाला, "जमणार नाही. ती पावलं लांब टाकते." कसाबसा मी त्याला मटणाच्या दुकानासमोर आणला आणि एका उभ्या टेम्पोमागे लपवला.

कुत्रं आलं. चार पायांवर, छाती काढून, रस्त्याच्या मधून. दोन कुत्री बाजूला सरली. मग त्यानं अंग गोळा केलं.

"मामा, बघ. आता बघ."

"थांब रे," मामा म्हणाला. टेम्पोच्या पलीकडून एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन चालली होती. "पाऊल कसं बाहेर टाकते बघ. असं हल्ली बघायला मिळत नाही."

कुत्रं दरवाजावरून आत गेलं.

"मामा, कुत्रं."

"दोन्ही बाजूंनी सारखी झीज. वा."

कुत्रं दरवाजावरून बाहेर येताना हवेत होतं, आणि हवेत असतानाच त्याचं नाक हललं. वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता. माझ्या अंगाचं सोल्युशन. मी शपथेवर सांगतो, ते वर गेलं तेव्हा धडधाकट होतं आणि खाली आलं तेव्हा लंगडं. डावा पाय किंचित उशिरा टेकला. मामानं मान वळवली तेव्हा ते मटणवाल्याच्या वजनकाट्याकडे बघत होतं.

"इथेही लपवतोय," मामा हळू आवाजात म्हणाला. "परक्या ठिकाणीसुद्धा."

मटणवाला बाहेर आला. "अरे पैलवान, पायाला काय झालं तुझ्या?" आणि ज्याला रोज हाडूक मिळायचं त्याला काळजाचा आख्खा तुकडा मिळाला. म्हणजे मी त्याला उघडा पाडायला आलो होतो आणि त्याचा धंदा वाढवून दिला.

मग माझं डोकं फिरलं. घाबरला की पळेल, आणि पळाला की चारही पाय टेकतील, असा साधा हिशेब होता. मी ओरडत त्याच्या अंगावर धावलो. तो पळाला नाही. काळीज तोंडात धरून, लपवून लंगडत, सावकाश दुकानासमोरच्या धुतलेल्या फरशीवर गेला. मी त्याच्या मागे त्याच फरशीवर. डावा पाय सरकला, घोटा आत वळला, आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि मी आडवा झालो. कुत्रं माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेलं. चारही पाय. माझ्या नाकावरून.

"मामा, बघितलंस?" मी खालूनच विचारलं.

माझी एक चप्पल उडून मामापाशी पडली होती. ती त्यानं उलटी धरली होती. "बाहेरून झिजलीय," तो म्हणाला. "अहंकार."

दुकानात मी मामाचा खांदा धरून, एका पायावर, कण्हत पोचलो. घोटा वांग्यासारखा दिसायला लागला होता, रंगानंही. मामा स्टुलावर बसला. "चाल," तो म्हणाला.

"मामा, मला खुर्ची दे आधी."

"पट्टीवर. चाल."

मी चाललो. म्हणजे उड्या मारल्या. आई गं, मेलो गं, असं जे काही तोंडात येईल ते म्हणत वळलो आणि परत आलो. मामाचा चेहरा उतरला होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"दाखवतोय," तो म्हणाला.

"सूज बघ तरी."

"सूज डॉक्टर बघतात. मी चाल बघतो. स्टुलासाठी इतक्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं."

तेवढ्यात मामी काउंटरमागून बाहेर आली आणि भरल्या आवाजात म्हणाली, "बिचारा." मला एकदम भरून आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हणालो, "नाही गं मामी, फार नाही दुखत." ती म्हणाली, "सरक रे बाजूला, दारात उभा राहिलास तर तो आत कसा येणार." माझ्या मागे पायरीवर कुत्रं उभं होतं, काळीज पचवून आलेलं, नजर कॅलेंडरवर.

आतल्या खोलीत चामड्याच्या गठ्ठ्यावर बसून मी घोट्यावर ओलं फडकं ठेवलं. ताई आत आली, फडकं उचलून बघितलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तोंडातला दोरा काढला.

"सुजलाय," ती म्हणाली.

"धन्यवाद. बाहेर जाऊन तुझ्या बाबांना सांग. आणि हेही सांग की ते कुत्रं ठणठणीत आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली नाहीस?"

"तू बोललास की. काय झालं?"

तिनं हातातलं काहीतरी माझ्या मांडीवर टाकलं. कुत्र्याचा बूट. मऊ चामड्याचा, आतून लोकर, बकल एकाऐवजी दोन. "शिवून ठेवलाय," ती म्हणाली. "दोन्ही पायांत बसतो."

"दोन्ही कशाला?"

"कधी कधी विसरतो तो. गेल्या मंगळवारी अख्खा दिवस उजव्यानं लंगडत होता. बाबा म्हणाले, दुसऱ्या पायावर भार येऊन तोही गेला."

आयुष्यभर ज्या मुलीला मी मशीनचा सुटा भाग समजत होतो ती आमच्या घरात एकटीच डोळे उघडे ठेवून बसली होती, आणि तिनं त्याचा एक शब्दही खर्च केला नव्हता. ताईनं दोरा परत तोंडात घेतला. म्हणजे मुलाखत संपली होती.

मी उठलो. कुणाची दया नको, काही नको. घरी जायचं, पडून राहायचं, आणि सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या. मान ताठ केली, दात आवळले, आणि बाहेर पट्टीवरून दाराकडे निघालो. पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण या लोकांना ते समजू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मामाच्या समोरून जाताना कुठेतरी बघायला हवं म्हणून कॅलेंडरकडे बघितलं.

"थांब," मामा म्हणाला.

मी थांबलो.

"डावा घोटा," तो म्हणाला. "बाहेरची शीर. चांगलाच मुरगळलाय. आणि लपवत होतास. माझ्यापासून लपवत होतास." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं उठायची धडपड केली. मामी धावली, ताई धावली, त्याला उपटला आणि मला खुर्ची मिळाली. वर पाणी. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना.

"मग आता माझ्यावर विश्वास बसला ना?" मी विचारलं.

"पूर्ण."

"मग स्टूल?"

मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुटक्या स्टुलावर बसायला घोटे लागतात रे. तुझा आता गेला. विश्वास बसला म्हणूनच सांगतो, नाहीतर दिलं असतं."

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

शनिवारी मामानं ताईला स्टुलावर बसवलं आणि कुत्र्याला पट्टीवर. "दोष सांग," तो म्हणाला. ताईनं दोरा काढला. मला वाटलं, आता हीही खरं बोलेल आणि हीही फुकट जाईल.

"याला खोड आहे," ताई म्हणाली.

मी खुर्चीत ताठ झालो. खोड म्हणजे सवय, लबाडी, अंगात मुरलेली वाईट चाल. सरळ तोंडावर सांगितलं होतं तिनं. पण मामाच्या धंद्यात खोड म्हणजे व्यंग. त्यानं मान डोलावली.

"जुनी?"

"जन्मापासूनची असावी."

"टेपवर दिसत नाही?"

"टेपवर कशी दिसेल? आत आहे. खोल."

मामानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या घोट्याकडे, की ऐक, याला नजर म्हणतात. "बरी होईल?"

"वाटत नाही," ताई म्हणाली. "पण खायला घातलं की दुखत नाही."

मामीनं लगेच अंडं सोललं. ताईनं बूट चढवला, दोन्ही बकलं लावली. कुत्र्यानं पट्टीवरून एक फेरी मारली. बुटामुळे तो आता खरोखरच लंगडत होता, कारण एक पाय उंच झाला होता. मामा म्हणाला, "बघ, किती फरक पडला."

स्टूल ताईचं झालं. बूट कुत्र्याला मिळाला. मला एक उंच बाजूचा बूट आणि सोल्युशनचा डबा.

घोटा पुढे बरा झाला. मला एकट्याला माहीत आहे. आणि अर्थात ताईला, पण ती स्टुलावरसुद्धा सवयीनं तोंडात दोरा धरून बसते आणि गिऱ्हाइकांना वाटतं हा तिचा अभ्यास आहे. मामा समोर असला की मी मान ताठ करून चालतो, डावा पाय किंचित उशिरा टेकतो आणि कॅलेंडरकडे बघतो. मामी आता दोन अंडी उकडते.

मी पहिल्यांदा तसा चाललो तेव्हा कुत्रं माझ्या गादीवर पडलं होतं. त्यानं मान उचलली आणि माझी चाल पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग उठलं, जागच्या जागी वळलं, आणि माझ्याकडे पाठ करून बसलं. ती नजर मी ओळखतो. कण्हणारे गृहस्थ दुसऱ्या पायानं लंगडले तेव्हा मी त्यांच्याकडे अगदी तसंच बघितलं होतं.

नंतर सोल्युशन लावत असताना मी ताईला हळूच विचारलं, कसं वाटलं.

ताईनं दोरा काढला.

"अजून जरा दाखवतोस," ती म्हणाली.